हाताने करून शिकवणारे कुकिंग क्लास: पैसे वसूल की नुसती हौस? (मोदक फुटल्याची कैफियत आत आहे)

सायली_कोथरूड | ४ ऑगस्ट, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मागच्या रविवारी एका "हँड्स-ऑन" उकडीच्या मोदकांच्या क्लासला गेले होते. फी २८०० रुपये, वेळ ३ तास. आम्ही १२ जणी आणि एक मुलगा, त्याचं लग्न ठरलंय आणि होणारी बायको म्हणाली मोदक येत असतील तर बघू. छान मोठं टेबल, सगळ्यांना सारखे ॲप्रन, फोटो झाले, सारण कसं करायचं ते मॅडमनी दाखवलं. मग उकडीचा मऊसूत गोळा आला आणि आम्ही प्रत्येकीने दोन-दोन मोदक वळले. माझे दोन्ही बरे जमले हो! पहिल्याला ७ कळ्या, दुसऱ्याला ११. वाफवून गरमागरम तुपाबरोबर खाल्ले, लॅमिनेट केलेला रेसिपीचा कागद घेऊन घरी आले, दोन दिवस जमिनीवर पाय नव्हते.

शनिवारी घरी केले. ११ मोदक. ८ फुटले. म्हणजे तडा गेला वगैरे नाही, पार उघडे पडले, गूळ खाली पाण्यात, मोदकपात्रात काकवी तयार. नवऱ्याने ते वाटीत घेऊन चमच्याने खाल्ले आणि "छान लागतंय, याला मोदक बोल (bowl) म्हणूया" म्हणाला. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

प्रमाण कागदावरचंच: २ वाट्या पिठी, २ वाट्या पाणी, चमचाभर तूप, मीठ. सारण २ वाट्या खोबरं, १ वाटी गूळ, वेलची, थोडी खसखस. पाणी उकळलं, पीठ घातलं, झाकण ठेवून वाफ काढली, सगळं तस्संच.

तर प्रश्न दोन. असले क्लास तुम्ही कोणी केलेत का आणि त्यातलं घरी आल्यावर हाताशी किती राहिलं? आणि माझे मोदक का फुटले? २७ तारखेला गणपती आहेत, जेवायला सासरची १४ माणसं.

---

पोटोबा | ४ ऑगस्ट, रात्री ११:२०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही पण फुटलेले कुठे टाकता ते सांगा, डबा घेऊन येतो.

---

वरणभात | ५ ऑगस्ट, सकाळी ८:०५

२८०० रुपये!! अहो ४० रुपयाला एक या भावाने घरपोच ७० मोदक आले असते. १४ माणसांना माणशी ५. प्रश्न मिटला.

---

आत्याबाई_दापोली | ५ ऑगस्ट, सकाळी ९:४१

सायली, वरणभातकडे लक्ष देऊ नकोस, तो प्रत्येक धाग्यावर हेच करतो.

पीठ कुठलं घेतलंस गं? पाकिटातलं आणि त्यातून जुनं असेल तर मोदक उकलणारच. आमच्याकडे आंबेमोहोर नाहीतर इंद्रायणी, तांदूळ दोनतीनदा धुवायचे, सुती कापडावर घरातच सावलीत वाळवायचे, उन्हात नाही, आणि मग गिरणीत. गिरणीवाल्याला बजावायचं की गव्हावर नको, तांदळावर दळ. माझी आई तर पिठाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीच्या दारात बसून राहायची, कोणीतरी तांदूळ दळायला आणेपर्यंत. पीठ अगदी तलम पाहिजे, चिमटीत धरलं तर पावडर लावल्यासारखं वाटलं पाहिजे.

---

न्यूजर्सीची_काकू | ५ ऑगस्ट, सकाळी १०:१५

पिठावरून माझी गंमत सांगते. इकडे आले त्या पहिल्याच वर्षी एशियन दुकानातून हत्तीचं चित्र असलेलं थाई तांदळाच्या पिठाचं पाकीट आणलं, म्हटलं हत्ती म्हणजे शुभच की. त्याचं एक लाल अक्षरांचं येतं आणि एक हिरव्या. मला हिरवं जास्त प्रसन्न वाटलं. ते निघालं चिकट तांदळाचं! उकड काढायला गेले तर गोंद. पातेलं, उलथनं, माझा हात, अंगठी, सगळं एकजीव झालं. नवऱ्याने अंगठी काढायला भांडी घासायचा साबण आणला तोवर ते सुकून प्लास्टर झालं होतं. त्या वर्षी गणपतीला शिरा.

आता लाल पाकीट वापरते आणि त्यात हिरव्यातलं चमचाभर घालते, पारीला तडे जात नाहीत. गोठवलेलं खोवलेलं खोबरं मिळतं ते पूर्ण वितळवून, पिळून घ्यायचं. पिळलं नाहीत तर सारणाचं पन्हं होतं.

---

तिरफळ | ५ ऑगस्ट, सकाळी ११:३०

गो बाय, सारण ओला ऱ्हवला काय?

(मालवणी मोड बंद.) न्यूजर्सीच्या काकू म्हणतात तेच. सारणात पाणी राहिलं की वाफवताना ते आतून ढकलतं. कढईत सारण गोळा होऊन कडा सोडायला लागलं की गॅस बंद. पण फार आटवू नका, गार झाल्यावर चिक्की होते आणि मग पाहुणे कवळी शोधत बसतात. आणि गरम सारण भरू नका, पूर्ण गार पाहिजे.

वाफवताना मोदक गार पाण्यात बुडवून मग चाळणीत ठेवायचा, खाली हळदीचं पान. १०-१२ मिनिटं, बस्स. लोक २० मिनिटं ठेवतात आणि मग म्हणतात फुटले.

---

सायली_कोथरूड | ५ ऑगस्ट, दुपारी १:०२

सगळ्यांना थँक्यू!

आत्याबाई, पीठ क्लासमधूनच विकत आणलं होतं, ज्याचे तिथे केले तेच, आठवड्याभराचंच असेल. तिरफळ, सारण गार होतं, कोरडं होतं, क्लासमध्ये बघितलं तसंच झालेलं. १२ मिनिटंच वाफवले, गजर लावून. आमच्याकडे हळदीचं पान नव्हतं, केळीच्या पानावर ठेवले. पाण्यात बुडवणं मात्र कागदावर नव्हतं.

खरं सांगू, मोदक वळतानाच कडेला भेगा पडत होत्या. मी बोटाने लिंपून लिंपून वर नेत होते.

---

आत्याबाई_दापोली | ५ ऑगस्ट, दुपारी १:१०

आता बोललीस मुद्द्याचं. मग सारण नाही, उकडीतच घोळ आहे.

---

डबा_नंबर_४ | ५ ऑगस्ट, रात्री ९:४८

मोदकातलं मला कळत नाही, मी बेंगळुरूला एकटा राहतो, कुकर लावणे ही माझी मर्यादा होती. पण क्लासचा अनुभव आहे म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या टोळक्याबरोबर थायलंडला गेलो, चिआंग माईला. बाकीचे झोपलेले असताना मी एका दिवसभराच्या कुकिंग क्लासला गेलो, निव्वळ जेवण मिळणार म्हणून. सकाळी आधी मंडईत नेतात, तिथे बाई एकेक वस्तू हातात देऊन वास घ्यायला लावतात. आल्यासारखं दिसणारं गलांगल, गवती चहाच्या जाड दांड्या, तीनचार प्रकारची तुळस, एक वेगळाच लिंबाचा पाला. मग किचनमध्ये आणि इथे खरी गोष्ट आहे, प्रत्येकाला स्वतःची शेगडी. स्वतःची कढई, स्वतःची पाटी, स्वतःचा सुरा. मधोमध एक टेबल आणि सगळे बघतायत असलं काही नाही.

ग्रीन करीचं वाटण दगडी खलात कुटायचं होतं. मिक्सर नाही. पाच मिनिटांनी मी बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या नो. दहा मिनिटांनी, नो. हाताला फोड यायच्या बेतात होता. गवती चहाचे धागे दिसेनासे होईपर्यंत कुटायचं म्हणे. कधीतरी विसाव्या मिनिटाला खलाचा आवाजच बदलला, आधी ठक ठक होता तो थप थप झाला, आणि लांब दुसऱ्याच टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईंनी न बघता मान डोलावली. मग नारळाचं घट्ट दूध कढईत घालून तेल सुटेपर्यंत थांबायचं, त्यात ते वाटण. दुपारी जे स्वतः केलं तेच खायचं, बिघडलं तरी तेच. माझं खाऊ सोई (नूडल्सची रस्सेदार करी असते) फार खारट झालं होतं, मुकाट्याने संपवलं.

आज रेसिपी विचाराल तर कागद कधीच हरवला. पण तो आवाज लक्षात आहे. महिन्यातून एकदा रविवारी करतो, शेजारचे तमिळ आजोबा दारावर येऊन विचारतात, आज ठक ठक झालं, किती वाजता येऊ?

सायली, तुमच्या क्लासमध्ये एका टेबलावर १३ जण म्हणजे तो हँड्स-ऑन नाही, हँड्स-ऑन-खांदे.

---

पोटोबा | ५ ऑगस्ट, रात्री ९:५५

हँड्स-ऑन-खांदे 😂😂 दंडवत घ्या.

---

अन्नपूर्णा_ठाणे | ६ ऑगस्ट, दुपारी ३:२०

मी गेली १९ वर्षं घरी क्लास घेते म्हणून दुसरी बाजू लिहिते, राग मानू नये.

सुरुवातीला मी डेमो घ्यायचे. बायका सतरंजीवर वही घेऊन बसायच्या, मी ओट्याशी, शेवटी कागदी बशीत प्रत्येकीला चमचा-चमचा चव. तेव्हा वह्या काय भरायच्या! "मध्यम आचेवर" म्हटलं की खाली "म्हणजे किती?" असा प्रश्न येणारच. आता वही कोणी आणत नाही, फोन असतो. आणि सगळ्यांना "हँड्स-ऑन" हवं असतं. ते परवडायचं कसं ते ऐका. सहा जणींना सहा शेगड्या, सहा पातेली, सहा परातीं, नारळ खोवून ठेवायला सकाळपासून एक बाई, नंतर ढीगभर भांडी. मी सहाच्या वर घेत नाही आणि फी तुमच्या क्लासइतकीच आहे, हातात काय राहतं ते विचारू नका.

दुसरं म्हणजे, हात घाला म्हटलं की किती जणी घालतात? गरम उकडीत, किंवा कच्च्या कोलंबीत, किंवा पुरणपोळीच्या सैलसर कणकेत? "मॅडम तुम्हीच दाखवा ना, मी व्हिडिओ काढते." नखांचं काम पंधराशेचं असतं, ते बिघडतं. मग आम्हीही कंटाळून ते काम आधीच उरकून ठेवतो. मग घरी गेल्यावर फोन येतो, मॅडम बिघडलं.

---

वरणभात | ६ ऑगस्ट, दुपारी ३:४०

परातीं नाही, पराती. बाकी सहमत.

---

अन्नपूर्णा_ठाणे | ६ ऑगस्ट, दुपारी ३:४४

फोनवर टाइप करतेय, हाताला बेसन लागलंय.

---

मेकॅनिकल_बाबा | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

अन्नपूर्णाताईंच्या प्रतिसादातलं एक वाक्य सगळ्यांनी सोडून दिलं. "ते काम आधीच उरकून ठेवतो." सायली, तुमच्या क्लासमध्ये उकड कोणी मळली?

विचारतोय कारण फुटण्याचं मूळ तिथे असणार. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं म्हणून कणीक गार पाण्यातही मळली की ताणली जाते. तांदळात (आणि ज्वारी-बाजरीतही) ते नाही. तांदळाच्या पिठाला जो काही चिकटपणा येतो तो उकळत्या पाण्यात, त्यातला स्टार्च साधारण ७० अंशांच्या आसपास फुगतो तेव्हा. आणि तोच स्टार्च गार झाला की परत आखडतो. शिळा भात टणक का होतो, त्याचंच हे भावंड. म्हणून उकड चटका बसत असतानाच मळावी लागते. कोमट झाल्यावर कितीही मळा, गोळा दिसतो पण पारी ताणली की कडेला भेगा. तुमचं लक्षण अगदी हेच आहे.

---

सायली_कोथरूड | ६ ऑगस्ट, रात्री ११:०६

अरे देवा.

आता आठवतंय. उकड आत स्वयंपाकघरात मळली जात होती! मॅडम बाहेर आम्हाला सारणाबद्दल सांगत होत्या आणि आत त्यांच्या मदतनीस ताई होत्या. मी पाणी प्यायला आत गेले तेव्हा बघितलं, त्या परातीत वाटीच्या बुडाने उकड रगडत होत्या, शेजारी गार पाण्याचं पातेलं, त्यात हात बुडवायचा की लगेच उकडीत, परत पाण्यात, परत उकडीत, तळवे लालबुंद. पाणी, थेंबभर तेल, दाबून पुढे ढकलणं, गोळा करणं. मी "बापरे, भाजत नाही का?" विचारलं तर हसल्या. मग मी बाहेर येऊन फोटोत उभी राहिले.

घरी मी उकड ताटात पसरली आणि गार व्हायची वाट बघितली. वीस मिनिटं. मधे भाचीचा फोनही झाला.

२८०० रुपये मी टेबलापाशी दिले आणि शिकायचं ते आतल्या खोलीत चाललं होतं.

---

आत्याबाई_दापोली | ७ ऑगस्ट, सकाळी ७:१५

सापडला चोर. वीस मिनिटं!! उकड म्हणजे काय केक आहे का गं थंड करायला.

झाकण काढल्यावर आधी वाटीने किंवा तांब्याच्या बुडाने रगड, चटका सोसवेल इतपत झाली की हाताने. उरलेली पातेल्यातच झाकून ठेव, लागेल तेवढीच काढ. वळताना मळलेला गोळाही ओल्या फडक्याखाली. आणि उकड उरलीच तर टाकू नकोस, त्यात जिरं, हिरवी मिरची, मीठ, कोथिंबीर घालून निवगऱ्या थाप आणि त्याच चाळणीत वाफव. आमच्याकडे पोरं मोदकांपेक्षा निवगऱ्यांवर तुटून पडतात, कच्चं तेल नाहीतर तूप घालून.

---

रिकामा_रिटायर्ड | ७ ऑगस्ट, सकाळी ११:००

आतल्या खोलीवरून माझाही किस्सा. बायको नोकरीनिमित्त दोन वर्षं औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) होती, मी पुण्यात निवृत्त. पोळ्यांना काकू यायच्या. मला भाकरीची हौस. व्हिडिओ बघून महिनाभर नकाशे थापले. शेवटी काकूंना म्हटलं, रविवारी दोन तास या आणि मला शिकवा, क्लासची जी फी असते ती देतो, १००० रुपये. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग वाटलं मी पोळ्या बंद करणार, म्हणून शिकतोय! अर्धा तास समजूत काढण्यात गेला.

पहिली गोष्ट त्यांनी काय केली, माझा ज्वारीच्या पिठाचा डबा उघडला, चिमूटभर पीठ तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, साहेब याची विरी (चिकटपणा) गेली, कडू लागतंय, याची भाकर देवाच्या बापाला थापायची नाही. व्हिडिओवाल्याने हे नाही सांगितलं, त्याला माझा डबा कुठे दिसत होता. नवीन पीठ आणलं. मग पीठ किती मळायचं, तर "तुमचा हात दुखला की अजून तेवढंच". थापताना भाकरी परातीत आपणहून फिरली पाहिजे, ती फिरत नाही म्हणजे खाली पीठ कमी. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलटायची, नाहीतर तडकते. मी पाणी फार लावायचो. त्यांनी माझं मनगट धरून सबंध भाकरीवरून एकदाच फिरवलं. एकदाच.

तीन रविवार लागले. पहिली फुगली तेव्हा त्या म्हणाल्या, झालं, आता मला काढा कामावरून.

---

वरणभात | ७ ऑगस्ट, सकाळी ११:२०

बाकी ठीक पण मनगट धरून वगैरे म्हणजे काका जरा...

---

रिकामा_रिटायर्ड | ७ ऑगस्ट, सकाळी ११:२५

त्या ६८ वर्षांच्या आहेत आणि मला "बाळा" म्हणायला लागल्यात. गप बस.

---

खानदेशी_भरीत | ७ ऑगस्ट, दुपारी १:१५

हे बेस्ट. पण हे सगळीकडे होत नाही हो. हजार रुपये तासाला मॅडमना देताना आपण खळखळ करत नाही आणि काकूंनी पोळीमागे आठ आणे वाढवून मागितले की सोसायटीच्या ग्रुपवर चर्चासत्र. सायलीच्या क्लासमधल्या त्या मदतनीस ताईंना २८०० गुणिले १३ मधले किती मिळाले असतील, देव जाणे.

---

अन्नपूर्णा_ठाणे | ७ ऑगस्ट, दुपारी २:००

मुद्दा मान्य आहे, पण सरसकट नको. माझ्याकडे ज्या मावशी आहेत त्यांना मी क्लासच्या दिवसाचे वेगळे पैसे देते, आणि गेल्या वर्षीपासून सांदण आणि घावन त्याच शिकवतात, मी मागे उभी. पहिल्या क्लासला त्या बोलेचनात, नुसत्या करत होत्या. बायकांनी त्या दिवशी सगळ्यात जास्त शिकलं असं मला वाटतं, कारण ऐकायला काही नव्हतंच, बघून हात चालवावा लागला.

---

खानदेशी_भरीत | ७ ऑगस्ट, दुपारी २:१०

मग तुमच्याकडे यायला आवडेल. येताना जळगावची भरताची हिरवी-पांढरी वांगी आणतो, ती गॅसवर नाही भाजायची, कपाशीच्या काड्यांवर. बाल्कनी आहे ना?

---

अन्नपूर्णा_ठाणे | ७ ऑगस्ट, दुपारी २:१२

बाल्कनी आहे, वरती सेक्रेटरीही आहेत.

---

मोगरा_माहीम | ८ ऑगस्ट, रात्री १२:४०

मला वेगळंच वाटतं. सगळंच हाताने शिकायला पाहिजे हा अट्टहास का? मी बारा तास बाहेर असते. घरी चांगलं जेवण म्हणजे माझ्यासाठी गरम भात, तूप, मेतकूट, भाजलेला पापड आणि कोणी काही न विचारणं. क्लास मी एक केला, अनारशांचा, दिवाळीच्या आधी. तीन दिवस तांदूळ भिजवून रोज पाणी बदललं, सावलीत वाळवले, कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं, सगळं नियमाने. आणि तुपात सोडल्याबरोबर अनारसे हसले. एकही अखंड नाही. कढईत नुसता गुळाचा चुरा आणि खसखस तरंगतेय. मी पण हसले, मग रडले, मग दुकानातून आणले. तेव्हापासून तो विषय बंद आहे.

---

न्यूजर्सीची_काकू | ८ ऑगस्ट, रात्री १२:५५

अगं मोगरा, अनारसे हसले की थोडी तांदळाची पिठी मळून परत एक सोडून बघायचा! गूळ जास्त झालेला असतो. टाकून नाही द्यायचं.

---

मोगरा_माहीम | ८ ऑगस्ट, रात्री १२:५८

हे क्लासमध्ये का नाही सांगितलं?????

---

मेकॅनिकल_बाबा | ८ ऑगस्ट, सकाळी ८:३०

कारण क्लासमध्ये बिघडू देत नाहीत. सगळं आधी मोजून, चाळून ठेवलेलं. बिघडलेलं सावरायचं कसं ते शिकायला आधी कोणीतरी बिघडवावं लागतं.

---

सायली_कोथरूड | १३ ऑगस्ट, सकाळी १०:२०

अपडेट! काल अंगारकी होती. सासूबाईंचा आणि माझा उपास, म्हटलं चंद्रोदयाला मोदक करूनच सोडू.

उकडीचं झाकण काढलं, शेजारी गार पाण्याचं पातेलं, वाटीला खालून तूप लावलं आणि रगडायला लागले. पहिली दोन मिनिटं डोळ्यातून पाणी आलं, खोटं नाही सांगत. पण मंडळी, ते बदलतं! आधी भगराळ असतं, बोटांना चिकटतं, आणि मग एका क्षणी एकदम गुळगुळीत होतं, परातीला काहीच चिकटत नाही, कानाच्या पाळीसारखं मऊ. डबा_नंबर_४, तुमचा तो ठक ठकचा थप थप मला कळला.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी म्हटलं, आई तुम्ही वळा ना, तुमच्या हातचे चांगले होतील. त्या म्हणाल्या, "मला कुठे येतात? मी जन्मभर साच्यातलेच केले. तू क्लासला गेलीस तेव्हा म्हटलं विचारावं मलाही नेशील का, पण तुम्ही सगळ्या लहान मुली." म्हणजे त्या दिवशी त्या गप्प होत्या ते यासाठी! मी दहा दिवस मनात काय काय धरून बसले होते.

मग दोघींनी वळले. त्यांच्या पहिल्याला चारच कळ्या, समोशासारखा दिसत होता. त्यांनी तो बाजूला ठेवला, म्हणाल्या हा मीच खाणार. एकूण ११ केले, ३ फुटले. चंद्र ढगात होता, पंचांगातली वेळ बघून नैवेद्य दाखवला आणि मोदकाचं टोक मोडून आत तूप ओतून खाल्ले. चौघांना ११ पुरले नाहीत. निवगऱ्या पण केल्या, नवऱ्याने त्याला अजून इंग्रजी नाव दिलेलं नाही.

---

आत्याबाई_दापोली | १३ ऑगस्ट, सकाळी १०:४५

वाचून बरं वाटलं गं. पुढच्या वेळी पाण्यात थोडं दूध घाल, अजून पांढरे होतील. आणि सासूबाईंना सांग, चार कळ्या तर चार कळ्या, कळ्या मोजतो कोण, गणपती उंदराला मोजायला लावतो की काय.

---

तिरफळ | १३ ऑगस्ट, सकाळी ११:१०

३ फुटले ते पाण्यात बुडवले होते का?

---

सायली_कोथरूड | १३ ऑगस्ट, सकाळी ११:१२

तेच तीन विसरले होते 🙈

---

सायली_कोथरूड | २९ ऑगस्ट, रात्री १०:०५

परवा १४ नाही, १७ माणसं आली. ४० मोदक हाताचे, उशीर व्हायला लागला तसे सासूबाईंनी साचा काढून १५ पटापट पाडले, कोणाला पत्ता लागला नाही. हाताच्यातले २ फुटले, ते पंगतीत गेलेच नाहीत, आम्ही दोघींनी ओट्यापाशी उभ्याउभ्या संपवले.

क्लासबद्दल म्हणाल तर त्या मॅडमना फोन केला होता. म्हटलं पुढच्या बॅचला येणार, दोघी येणार, पण मला आत ताईंबरोबर उभं राहायचंय. त्या आधी गोंधळल्या, मग म्हणाल्या असं कोणी विचारलं नव्हतं. पुरणपोळीचा आहे, ऑक्टोबरमध्ये. फी तेवढीच.

---

पोटोबा | २९ ऑगस्ट, रात्री १०:०९

पुरणपोळी बोल. वाट बघतोय. कटाची आमटी वेगळी द्या.

---

नवखा_२०२५ | ३० ऑगस्ट, सकाळी ६:५०

नमस्कार, पूर्ण धागा वाचला नाही. पुण्यात मोदकांचा चांगला क्लास कुठला? उकड आयती मिळत असेल तर उत्तम, हात भाजतात. व्यनि (खाजगी निरोप) करा.